बोटांची पेरं

व्हर्लन टॅकेट सकाळी नाश्त्याला ज्या हॉटेलात जायचा तिथं काउंटरवर त्याच्या शेजारी बसलेल्या दोघांनी मिठाची डबी, सिरपची बाटली, केचप आणि तिखट सॉस यांची एक रांग लावली, आणि त्या रांगेच्या शेवटी त्यातल्या जाड माणसानं क्रीमची रिकामी, चेपलेली डबी ठेवली. "हा टॅकेट," तो म्हणाला. व्हर्लनच्या हातातला काटा अंड्यावरच थांबला. त्याला वाटलं, आपल्यालाच हाक मारली. मग कळलं, की रांग यंदाच्या नव्या कोचांची आहे. गेल्या हिवाळ्यात त्या भागातल्या पाच कॉलेजांनी आपापले अमेरिकन फुटबॉलचे कोच काढून टाकले होते आणि पाच नवे आणले होते. सप्टेंबर संपत आला होता, चार चार सामने झाले होते, आणि चॅटनूगा शहरात सध्या कुणीही कुणाशी दुसरं काही बोलत नव्हतं.

"अरे, पण चारच तर मॅच झाल्यात," बारीक माणूस म्हणाला. "लग्नाच्या बायकोलासुद्धा माणूस यापेक्षा जास्त वेळ देतो."

"तू दिलास. म्हणून तर भोगतोयस." जाड माणसानं तिखट सॉसची बाटली उचलून रांगेच्या पुढं ठेवली. "हा बघ, थर्मन गेन्स. चारही जिंकल्या. त्याची पोरं कशी उभी राहतात बघितलंस? भिंत. आणि हा आमचा टॅकेट. चारही घालवल्या. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची टर्की कापायला हा त्या कॉलेजात असला, तर माझं नाव बदल."

"पण घराणं कोचाचंच ना? बाप होता म्हणे कुठंतरी."

"बाप लाइनचा कोच होता. असिस्टंट. जन्मभर असिस्टंट. ते रक्तात येतं."

दोघं हसले. काउंटरपलीकडची बाई फडकं घेऊन आली आणि बोलता बोलता तिनं ती रिकामी डबी फडक्यात गोळा करून नेली, बाटल्या मात्र जागच्या जागी ठेवल्या. व्हर्लननं कॉफी संपवली नाही. पण त्याला हादरा बसला तो त्या डबीचा नव्हता, 'रक्तात येतं' याचाही नव्हता. असलं बोलणं त्यानं आयुष्यभर पाठीमागून ऐकलं होतं. हादरा असा, की जाड माणसानं तिखट सॉसची बाटली पुढं सरकवली तेव्हा त्याच्या मनानं, त्याला न विचारता, मान डोलावली होती. बरोबर आहे, मनानं म्हटलं होतं. पहिला थर्मन. आणि रसेल? रसेल शेवटीच. तो गाडीत येऊन बसला आणि किल्ली न फिरवता बराच वेळ समोरच्या विटांच्या भिंतीकडे बघत राहिला. सख्ख्या मुलाला शेवटच्या जागी बसवणारं हे मन कधीपासून आपल्यात राहायला आलं आहे, याचा तो विचार करत होता, आणि ते नेहमीचंच भाडेकरू आहे असं त्याला वाटत होतं.

रसेल त्याचा मुलगा. थर्मन त्याचा कुणीच नव्हता; अलाबामातल्या एका कापडगिरणीच्या गावातून आलेला, लाइनीत खेळणारा पोरगा, ज्याला व्हर्लननं चार वर्षं शिकवलं होतं. लाइन म्हणजे पुढं उभी राहणारी पाच धिप्पाड पोरं. त्यांच्या हातात चेंडू कधी येत नाही, त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं, त्यांनी फक्त समोरच्याला ढकलायचं किंवा थोपवायचं. त्या पाचांना शिकवण्यात व्हर्लनचा जन्म गेला. मुख्य कोच हरला, की त्याला काढायचे; आणि त्याच्याबरोबर त्याच्या सगळ्या असिस्टंटांना. मग नवं गाव, नवं भाड्याचं घर. त्याची बायको नोरीन हिनं पुढं पुढं चांगली क्रोकरी खोक्यातून काढणंच सोडून दिलं. पाहुणे आले, की ती खोक्याचं झाकण उघडायची, लागतील तेवढ्याच बशा घ्यायची आणि धुऊन पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची. रसेल प्रत्येक गावात नव्या शाळेत पहिल्या दिवशी एकटा जायचा. संध्याकाळी मैदानाच्या कडेला कुंपणाला बोटं अडकवून तो उभा असायचा आणि आत बाप थर्मनच्या समोर गुडघ्यावर बसून त्याच्या हाताची बोटं गवतावर एकेक करून नीट ठेवत असायचा. हे चित्र व्हर्लनला आठवतं ते आतून, थर्मनच्या बोटांच्या बाजूनं. कुंपणाच्या बाजूनं ते कसं दिसत असेल, हे त्याला आठवायचं काही कारण नव्हतं, आणि तरीही अलीकडे ते त्या बाजूनंच दिसू लागलं होतं.

एक गोष्ट त्याला पहिल्या सामन्यापासून ठाऊक होती. रसेलच्या कॉलेजच्या घरच्या सामन्यांना तो जायचा. कोचाच्या कुटुंबासाठी राखलेल्या जागेवर नाही, स्वतः तिकीट काढून, मैदानाच्या टोकाच्या बाजूला, जिथून लाइन सरळ समोरून दिसते. दुर्बीण घेऊन. आणि पहिल्या सामन्यातच त्याला दिसलं, की रसेलच्या लाइनीतला डाव्या टोकाचा पोरगा सगळं आधीच सांगून टाकतो. एक हात जमिनीवर टेकून ही पोरं वाकून उभी राहतात. चेंडू घेऊन पुढं घुसायचं असेल, तेव्हा हा पोरगा सगळं वजन त्या हातावर टाकायचा. बोटांची पेरं पांढरी पडायची. आणि पास फेकायचा असेल, म्हणजे त्यानं मागं सरून थोपवायचं असेल, तेव्हा हात नुसता टेकलेला, पेरं गुलाबी. समोरच्यानं फक्त त्या बोटांकडे बघावं. पुढं काय होणार ते त्याला चेंडू हलायच्या आधीच कळेल. दोन सामन्यांत समोरच्यांना ते कळलं होतं, असं व्हर्लनला वाटलं. बाकीचे दोन रसेल त्याशिवायही हरला होता.

त्यानं सांगितलं नाही. निवृत्त कोचानं हंगामात कुणाला आपणहून फोन करू नये, अशी या धंद्यातली रीत. विचारलं तर बोलावं. आणि बापानं तर मुळीच नाही. सरावाच्या मैदानाजवळ तो एकदा दिसला असता, तरी दुसऱ्या दिवशी रेडिओवर लोकांनी म्हटलं असतं, टीम म्हातारा चालवतो. शिवाय त्याला स्वतःचीच खात्री नव्हती. डोळे आता पूर्वीचे राहिले नव्हते. पेरं पांढरी दिसतात ती वजनानं की उन्हानं, असं तो दुर्बीण खाली ठेवून पुटपुटायचा. रसेलचे चार असिस्टंट, सगळे तरुण, टेपा मागं-पुढं करून बघणारे. त्यांना दिसत नाही ते आपल्याला दिसतं, असं म्हणणारा म्हातारा कोण? असे म्हातारे त्यानं प्रत्येक गावात पाहिले होते. कुंपणाबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून बसणारे. आपण त्यांतले नाही, एवढा एकच अभिमान त्यानं बाळगला होता. आता वाटायचं, तो अभिमान होता, की रसेलनं विचारावं म्हणून धरून ठेवलेला हट्ट?

रसेल विचारायचा नाही. थर्मन विचारायचा. असिस्टंट झाला तेव्हापासून हंगामात दर गुरुवारी संध्याकाळी थर्मनचा फोन यायचा, पुढच्या सामन्याच्या टीमचं नाव सांगून तो म्हणायचा, "कोच, काय दिसतं?" आणि व्हर्लनला काही दिसलेलं असायचं. या शनिवारी थर्मनची टीम रसेलच्या टीमशी खेळणार होती, रसेलच्या मैदानावर. व्हर्लनला वाटलं, या गुरुवारी फोन येणार नाही. येऊ नये. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन वाजला तेव्हा तो सूपच्या भांड्याखालचा गॅस कमी करत होता, आणि त्यानं तो उगाचच पुन्हा मोठा केला.

"कोच, गुडघे कसे आहेत?"

"आहेत. दोन्ही आहेत. आई कशी आहे तुझी?"

"चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटलीय, माझा मुलगा पहिला नंबर. मी म्हटलं, माँ, चारच मॅच झाल्यात, देवाला तरी वाट बघू दे." थर्मन हसला. मग त्याचा आवाज उतरला. "कोच, या आठवड्यात मी काही विचारणार नाही. ते बरं दिसत नाही."

"नाही दिसत."

"तुम्हीही काही बोलू नका. मी फक्त फोन करायचा म्हणून केला. गुरुवार आहे ना."

"बरं केलंस."

"रसेल चांगला कोच आहे. लोक काय वाट्टेल ते बोलतात." मग म्हणाला, "पण मी बघतो ते तुम्ही शिकवलेल्या ठिकाणीच बघतो, कोच. दुसरीकडे बघताच येत नाही मला. आधी बोटं. मग बाकीचं."

थर्मननं गुडघ्यांना शेक द्यायला सांगितलं, "ठेवतो, सर," म्हणाला आणि फोन ठेवला. सूप उतू गेलं होतं. व्हर्लन ते पुसत राहिला. म्हणजे थर्मनला दिसलं होतं. दिसणारच, ते डोळे व्हर्लनचेच होते, तीस वर्षांपूर्वी त्यानंच ते त्याच्या कपाळाखाली बसवून दिले होते. आपण तोंड मिटून बसलो म्हणून कुणाचीच बाजू घेतली नाही, असं जे आजवर वाटत होतं, ते खरं नव्हतं. बाजू केव्हाच घेतली गेली होती, एका संध्याकाळी, गवतावर गुडघे टेकून. पण थर्मननं हे बोलून का दाखवलं? तो मोजून बोलणारा माणूस. नकळत तोंडातून गेलं? की त्याला न मागता मिळालेल्या गोष्टीवर जिंकायचं नव्हतं, आणि तो म्हणत होता, जा, कोच, सांगा त्याला? व्हर्लननं ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा उलटसुलट केलं आणि दर वेळी ते वेगळंच निघालं. शेवटी त्याला एवढंच कळलं, की आता गप्प राहणं म्हणजेसुद्धा काहीतरी सांगणं आहे, आणि ते थर्मनला सांगणं आहे.

शुक्रवारी दुपारी तो गाडी घेऊन निघाला. रस्ता नदीच्या काठानं, मग टेकड्यांतून. घरांच्या व्हरांड्यांवर रसेलच्या कॉलेजचे झेंडे होते; एका झेंड्याच्या खाली कुणीतरी पुठ्ठा टांगला होता, 'टॅकेट, तू निघ, गाडीची टाकी आम्ही भरून देतो.' असले पुठ्ठे नोरीन रात्रीच काढून टाकायची, मुलाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. रसेलची बायको आता काय करत असेल? कॉलेजवर पोचल्यावर ऑफिसातल्या मुलीनं नाव विचारलं. त्यानं आडनाव सांगितलं तेव्हा तिनं मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते सांत्वनाला आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर असतं तसं होतं.

रसेल अंधाऱ्या खोलीत एकटा टेप बघत बसला होता. टेबलावर चीज-मिरचीच्या सँडविचचा अर्धा भाग मेणकागदात पडला होता. टीव्हीच्या निळ्या उजेडात त्याच्या कानांवरचे पांढरे केस व्हर्लनला पहिल्यांदा दिसले.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. सहज."

"शुक्रवारी सहज?" रसेल म्हणाला. "तुम्ही? माझ्या ग्रॅज्युएशनला सहज आला नव्हतात."

"तेव्हा टीमचा सराव—"

"ठाऊक आहे मला. बसा. सँडविच खाता?"

व्हर्लननं सँडविच घेतलं, कारण हातात काहीतरी असणं बरं. पडद्यावर रसेलची लाइन वाकून उभी होती. "थांबव," तो म्हणाला. "तिथं. डाव्या टोकाचा पोरगा. त्याची बोटं बघ." रसेलनं टेप थांबवली. पुढं नेली, थांबवली. मागं नेली. पांढरी, गुलाबी, गुलाबी, पांढरी. खोलीत यंत्राची घरघर तेवढी होती. रसेल पुढं सरकून पडद्याला नाक लागेल इतका जवळ गेला आणि तसाच बसून राहिला.

"पहिल्या मॅचपासून?"

"हो."

"आणि तुम्हाला पहिल्या मॅचपासून माहीत होतं."

"खात्री नव्हती. आणि तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं." रसेल पडद्याकडेच बघत होता. "थर्मन विचारतो."

"या आठवड्यात नाही विचारलं त्यानं. मी त्याला अवाक्षर बोललो नाही."

"पण त्याला ठाऊक आहे."

रसेल हसला, मोठ्यानं नाही, कडूही नाही. एखाद्या गणिताचं उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं म्हणून माणूस हसतो तसा. "त्याला ठाऊक असणारच. मला सांगायला तुम्हाला साठ मैल यावं लागलं, आणि त्याला तुम्ही जन्माचं सांगून ठेवलंय." व्हर्लनला वाटलं, आता हा उठेल, दार उघडून धरेल. पण रसेल उठला तो खोलीत फेऱ्या घालायला लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पेटत गेलं. "थांबा. थांबा, बाबा. तो बोटांकडेच बघणार ना? सगळे डोळे तिथंच लावणार. मग पोराला आपण खोटं बोलायला लावू. पेरं पांढरी करायची, अगदी रक्त उडेपर्यंत, आणि मग मागं यायचं. ते सगळे पुढं धावून येतील, आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून." तो थांबला. "चालेल ना?"

'चालेल ना.' व्हर्लन हातातल्या सँडविचकडे बघत राहिला. मुलानं आपल्याला एखादी गोष्ट शेवटची कधी विचारली होती, हे त्याला आठवेना. कदाचित हीच पहिली असेल. एका दिवसात पोराला असलं शिकवू नये. हात एक करतो आणि बाकीचं अंग दुसरंच, हे त्याला ठाऊक होतं. उलट, नुसतं सरळ करून टाकावं, दोन्ही वेळा सारखं वजन, बस्स. ते बोलायला त्यानं तोंड उघडलंही. पण रसेल त्याच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात कुठंही कुंपण नव्हतं.

"चालेल," व्हर्लन म्हणाला.

शनिवारी ऊन होतं. तो आपल्या नेहमीच्या, टोकाच्या जागेवर बसला. मागच्या रांगेतला एक माणूस बायकोला पाचही कोचांची उजळणी करून सांगत होता. कुणाचा आवाज कसा, कुणाचा बचाव कसा, कोण खेळाडूंना मिठी मारतो, कोण नुसत्या शिव्या घालतो. "आणि आपला?" बायकोनं विचारलं. "आपला उभा राहतो," तो म्हणाला. "नुसता उभा राहतो. घरी फ्रिज उभा असतो तसा."

पहिला भाग रडतखडत गेला. रसेल राखून ठेवत होता. थर्मनच्या पोरांनी दोनदा बोटं वाचली, आणि दोन्ही वेळा रसेलचा धावणारा पोरगा जागच्या जागी आडवा झाला. थर्मन पलीकडच्या कडेला हाताची घडी घालून उभा होता, व्हर्लन उभा राहायचा तसाच, वजन एका पायावर. मग मध्यंतराच्या थोडं आधी व्हर्लननं दुर्बीण लावली आणि पाहिलं, डाव्या टोकाच्या पोरानं हात टेकला, आणि पेरं चुन्यासारखी पांढरी झाली. थर्मनची सगळी फळी एका दमात पुढं झेपावली. पोरगा मागं सरला. चेंडू त्यांच्या डोक्यांवरून गेला, मोकळ्या मैदानात एका एकट्या पोराच्या हातात पडला, आणि तो पोरगा शेवटपर्यंत धावत गेला. त्याच्या मागं कुणी नव्हतं.

सगळं स्टेडियम उठलं. मागच्या माणसानं व्हर्लनच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंत, काका? बघितलंत? टॅकेटचं डोकं! मी म्हणत होतो ना हिला, माणसाला वेळ द्या!" व्हर्लन उठला नाही. उभ्या राहिलेल्या माणसांच्या मधल्या फटीतून तो दुर्बिणीनं पलीकडे बघत होता. थर्मन हलला नव्हता. तो आधी मैदानाकडे बघत राहिला, मग त्यानं मान वर केली आणि टोकाच्या बाजूची माणसं नजरेनं चाळली, रांगेमागून रांग, न घाबरता, न चिडता, अगदी सावकाश, आणि एका जागी नजर ठेवली. इतक्या लांबून त्याला दिसणं शक्य नव्हतं. पण लाइनवाला माणूस कुठं बसतो, हे त्याला माहीत होतं. त्यानं टोपीला हात लावला नाही, मान डोलावली नाही. पुरतं बघून घेतलं. मग तो वळला, आपल्या बचावाच्या पोरांना भोवती गोळा केलं, त्यांच्यासमोर खाली बसला आणि हातानं स्वतःच्या बुटाची टाच दोनदा थोपटली.

टाचेचं ते वाक्य व्हर्लननं एकदाच सांगितलं होतं, पावसानं सराव बंद पडला तेव्हा, शेडमध्ये, हसत हसत: हाताला खोटं बोलायला शिकवता येतं, टाचेला नाही. सांगून तो स्वतः विसरून गेला होता. थर्मन विसरला नव्हता. व्हर्लननं दुर्बीण रसेलच्या लाइनीकडे वळवली. पुढच्या डावात पोरगा पुन्हा वाकला, पुन्हा पेरं पांढरी झाली, आणि व्हर्लननं आता बोटं सोडून खाली पाहिलं. मागं सरायचं होतं, म्हणून पोराची उजवी टाच गवतात पुरती बसली होती. आधीच्या सगळ्या सामन्यांत ती अशीच बसत असणार. पुढं घुसताना उचललेली, मागं सरताना बसलेली. त्याला ते दिसलं नव्हतं. तो बोटांवरच थांबला होता, आणि जे दिसलं तेवढ्यावर मुलाला 'चालेल' म्हणाला होता. आता समोरची फळी झेपावली नाही. ती शांतपणे मागं सरकून वाट बघत राहिली, चेंडू आला आणि तो त्यांच्याच एका पोरानं अलगद झेलला. पण आधीची ती धाव मोठी होती, आनंद अजून ताजा होता, आणि लोकांनी ते एक दुर्दैव म्हणून हसून सोडून दिलं.

तेवढ्यात मध्यंतराची शिट्टी वाजली. खाली जाऊन त्याला गाठावं, असं व्हर्लनच्या मनात आलं. पण टोकाच्या बाजूला वाद्यवृंदाची पोरं जिन्यात भरली होती, ड्रम, तुताऱ्या, पिसांच्या टोप्या, आणि त्याचे गुडघे. आणि सांगणार काय? एका दिवसात टाच शिकवता येत नाही. कदाचित कधीच येत नाही. टीम धावत बाकांखालून आत जाणाऱ्या बोगद्याकडे निघाली. सगळ्यांच्या मागं रसेल होता. टोकाशी आल्यावर तो थांबला, वळला, आणि त्यानं वर बघितलं. डोळ्यांवर हात धरून, माणसांत कुणाला तरी शोधत. त्याला बाप सापडला. मग चाळिशी उलटलेल्या त्या माणसानं सगळ्या गावासमोर हात उंच केला आणि हलवला, शाळेच्या पहिल्या दिवशी कुणी तरी न्यायला आल्यावर पोरं हलवतात तसा.

व्हर्लननं दुर्बीण मांडीवर ठेवली. मागची माणसं ओरडत होती, कुणीतरी त्याला ढकलून म्हणालं, "अहो, तुम्हालाच करतोय वाटतं!" त्यानं हात वर केला. तो जड होता. रसेल बोगद्याच्या अंधारात दिसेनासा होईपर्यंत त्यानं तो तसाच वर धरून ठेवला.